वृद्धव्यवहार आणि नाट्यसंहिता : अवघड शब्दाच्या बोधाविषयी

१

जुन्या मराठी नाटकांच्या भाषेविषयी दोन विधाने नेहमी एकाच दमात केली जातात. एक असे की, देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटके वाचल्याने विद्यार्थ्याची शब्दसंपत्ती वाढते. दुसरे असे की, त्या नाटकांतील शब्द अवघड झाल्यामुळे ती आता वाचवत नाहीत. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी शब्दाविषयीची कल्पना एकच आहे. शब्द ही संहितेतून सुटी काढून घेता येणारी वस्तू आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. एकाच्या लेखी ती वस्तू साठवण्याजोगी आहे, दुसऱ्याच्या लेखी वाटेतून बाजूला सारण्याजोगी. म्हणूनच दोहोंना एकच उपाय सुचतो : पुस्तकाच्या अखेरीस ‘कठीण शब्दांचे अर्थ’ ही यादी. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत उतरवतो, आणि नाटक मात्र न वाचलेलेच राहते.

प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. नाटकातील शब्दाचा अर्थ कोठे असतो, हा साहित्यशास्त्राचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. त्याचे उत्तर चुकले, तर शब्दही हाती लागत नाही आणि नाटकही.

२

शब्दाचा अर्थ माणसाला प्रथम कळतो कसा, याची चिकित्सा भारतीय परंपरेने ‘शक्तिग्रह’ या संज्ञेखाली केली आहे. नैयायिकांनी शक्तिग्रहाची जी साधने सांगितली, त्यांत व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित शब्दाचे सान्निध्य यांचा समावेश होतो. या यादीत कोश आहे. परंतु तो अनेकांपैकी एक आहे. मूल भाषा शिकते ते कोशातून नव्हे, तर व्यवहारातून, असे परंपरा सांगते आणि त्यासाठी एक प्रसिद्ध दृष्टान्त देते. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो. दुसरा जातो आणि एक प्राणी घेऊन येतो. जवळ उभे असलेले मूल हे पाहते. पुढे गाय बांधण्याची आज्ञा होते, घोडा आणण्याची आज्ञा होते. एक शब्द बदलला की कृतीचा एक भाग बदलतो. या अदलाबदलीतून, ज्याला शास्त्रात ‘आवापोद्वाप’ म्हटले आहे, त्या मुलाला एकेका शब्दाचा अर्थ कळत जातो. प्रभाकर मीमांसकांनी यावरून असा सिद्धान्त मांडला की, शब्दाचा बोध मुळातच वाक्यातील इतर पदार्थांशी अन्वित असा होतो. सुटा अर्थ आधी आणि अन्वय मागाहून, असा क्रम नसतो. कुमारिलाच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. पण तो वाद येथे बाजूला ठेवला तरी दृष्टान्ताची रचना लक्षात घेण्यासारखी आहे.

त्या दृष्टान्तात दोन बोलणारे आहेत, एक कृती आहे आणि स्वतः न बोलता पाहणारा तिसरा आहे. ही नाटकाचीच रचना होय. वृद्धव्यवहार पाहणारे मूल हा प्रेक्षक आहे. नाट्यसंहिता म्हणजे छापून ठेवलेला वृद्धव्यवहार, असे म्हणण्यास म्हणून प्रत्यवाय नसावा. कादंबरीत निवेदक मध्ये येऊन अर्थ उलगडून सांगू शकतो, निबंधात लेखक व्याख्या देऊ शकतो. नाटकात ती सोय बहुतांशी नाही. कोणी, कोणाला, काय करवून घेण्यासाठी बोलले आणि पुढे काय घडले, यांवरूनच शब्द कळावा लागतो. मम्मटाने व्यंजनेच्या विवेचनात वक्ता, बोद्धव्य, काकु, प्रस्ताव, देश, काल इत्यादींची जी गणना केली, ती जणू नाट्यवाचनाची सूचीच आहे.

३

हे तत्त्व संहितेत कसे प्रत्ययाला येते, हे पाहण्यासाठी गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) उपयोगी पडते. आजच्या विद्यार्थ्याला अवघड वाटणारा त्यातील एक शब्द म्हणजे ‘सगोत्र’. टीपांत त्याचा अर्थ ‘एकाच गोत्राचा’ असा मिळतो. तो बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे. कारण ज्याला गोत्र ही कल्पनाच अपरिचित आहे, त्याच्यासाठी एका अज्ञाताच्या जागी दुसरे अज्ञात आले एवढेच. नाटक मात्र हा शब्द कृतीतून शिकवते. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यावयास निघतो, भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ ते जुळवून आणतो. मुलीचे वय, वराचे वय, तिची अनिच्छा यांपैकी कशानेही जे लग्न थांबत नाही, ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड होताच थांबते. माणुसकीला जे जमले नाही, ते एका शास्त्रीय शब्दाने केले. हा शब्द किती जड आहे, ज्या समाजात तो उच्चारला जातो त्या समाजात कोणता युक्तिवाद चालतो आणि कोणता चालत नाही, हे वाचकाला एकदमच कळते. ‘सगोत्र’चा अर्थ म्हणजे हे सारे, ‘एकाच गोत्राचा’ हा त्याचा केवळ पत्ता आहे.

याच नाटकातील नावांकडेही शब्द म्हणून पाहता येते. भुजंग म्हणजे साप हे बहुतेकांना ठाऊक असते. संस्कृतात त्याचा लंपट पुरुष असाही अर्थ आहे. कांचन म्हणजे सोने. कोदंड म्हणजे धनुष्य, विशेषतः रामाचे. नाटकभर ही नावे हाकेच्या रूपाने कानावर पडतात आणि प्रत्येक शब्द त्या व्यक्तीच्या वर्तनाशी जोडला जातो. यादीतून शिकलेला ‘कोदंड’ आठवड्यात विसरतो. लग्नमंडपात आडवा उभा राहणारा कोदंड विसरत नाही.

४

गडकऱ्यांच्या भाषेविषयी तर अवघडपणाची तक्रार सर्वांत जुनी. ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील शब्दांचा अवघडपणा एका जातीचा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

एक थर अरबी-फारसीतून आलेल्या कचेरीच्या शब्दांचा आहे. ‘सनद’ हा त्यांपैकी एक. सुधाकराची वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि त्या अपमानाच्या क्षणी तळीराम त्याच्यापुढे मद्य ठेवतो. ‘परवाना’ हा कोशातील पर्याय येथे घातला, तर एक कागद गेला एवढेच कळेल. सुधाकराच्या कोसळण्यावरून कळते ते असे की, त्या काळच्या बुद्धिमान, मानी आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाची सारी प्रतिष्ठा त्या एका शब्दात सामावली होती.

दुसरा थर संस्कृत सामासिक शब्दांचा. तळीरामाच्या मद्यपी मित्रांची संस्था ‘आर्यमदिरामंडळ’ हे नाव धारण करते. ‘आर्य’, ‘मदिरा’, ‘मंडळ’ या तिन्ही शब्दांचे अर्थ स्वतंत्रपणे गंभीर आहेत. त्या काळी निघणाऱ्या सभा-संस्थांच्या नावांत पहिला आणि तिसरा शब्द शोभून दिसत असे. मधोमध मदिरा आली आणि तिन्ही शब्दांची प्रतिष्ठा ढासळली. तत्सम शब्द हा दारूवरचे पांघरूण कसा होऊ शकतो, हे येथे समजते. असा विद्यार्थी पुढे कोणत्याही भारदस्त नावाकडे थोडे थांबून पाहील. शब्दसंग्रह वाढणे म्हणजे हे.

परंतु या नाटकातील सर्वांत अवघड शब्द कोणत्याही टीपेत सापडत नाही. तो शीर्षकातील ‘एकच’ हा शब्द होय. प्रारंभी या शब्दाचा ‘च’ अल्पत्व दाखवतो : फक्त एक, त्याने काय बिघडणार? नाटक पुढे सरकते, घर, अपत्य, पत्नी एकेक करून नष्ट होतात, आणि तोच ‘च’ पुरेपण दाखवू लागतो : दुसरा लागतच नाही, एकानेच सर्वनाश होतो. शब्द तोच, प्रत्यय तोच; कृतीच्या ओघात अर्थ उलटा झाला. आवापोद्वापात शब्द बदलून कृती बदलते, येथे कृती बदलून शब्द बदलतो. कठीण शब्दांच्या यादीत ‘एकच’ कधीच येणार नाही, कारण तो सर्वांना ‘येतो’. अवघडपणा शब्दाच्या अपरिचितपणात असतो, ही समजूत किती अपुरी आहे, हे दाखवण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

५

शब्दार्थ आणि नाट्यार्थ यांतील अंतराचा पुरावा मराठी नाटकाच्या इतिहासानेही दिला आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) सरकारने १९१० साली बंद केले. त्यातील कथा महाभारतातील विराटपर्वाची. ‘सैरंध्री’ म्हणजे राजस्त्रियांची केशभूषादी सेवा करणारी दासी. या अर्थात राजद्रोह नाही. परंतु प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, दासी होऊन राहिलेल्या राणीत देश दिसला, आणि युधिष्ठिर व भीम यांच्या मतभेदात मवाळ-जहालांचा वाद ऐकू आला. ‘सैरंध्री’ हा शब्द त्या पिढीला अपमानाचा पर्याय म्हणून कळला. कोशातील अर्थावर नाटक बंद करता येत नव्हते. बंद झाले ते शब्दाच्या प्रयोगामुळे. सत्तेला जे कळले, ते अभ्यासक्रमाला कळू नये, हे आश्चर्य आहे.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रकरणावरून अर्थ काढू दिला तर वाचक अंदाजावर चालेल आणि चुकेल. आक्षेप खरा आहे. पेशवाईच्या वातावरणातील लेखनात ‘नाटकशाळा’ हा शब्द आला, तर आजचा वाचक तो नाट्यशिक्षणाची संस्था समजेल. त्याचा अर्थ पदरी ठेवलेली नर्तकी असा आहे. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात संमतिपत्र. पद सोडल्याचे पत्र हा अर्थ नंतरचा. अशा ठिकाणी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र कोश केव्हा उघडावा, हाही क्रमाचा प्रश्न आहे. प्रवेश संपूर्ण वाचून, कोण कोणावर काय लादतो आहे हे पाहून, स्वतःचा अंदाज बांधून मग कोशाकडे वळणारा विद्यार्थी कोशाशी वाद घालू शकतो. प्रथमच कोशाकडे जाणारा केवळ त्याची नक्कल करतो. कोशकारांनीही अर्थ ठरवले ते प्रयोग पाहूनच.

टीप संहितेची जागा कशी बळकावते, याचे जुने उदाहरण संस्कृत नाटकांच्या मुद्रित आवृत्त्यांत आहे. ‘शाकुंतला’त शकुंतला आणि विदूषक प्राकृत बोलतात, कोळी मागधी बोलतो. आवृत्तीत त्याखाली संस्कृत ‘छाया’ दिलेली असते. विद्यार्थी छाया वाचतो आणि प्राकृत ओलांडून जातो. परिणामी राजा आणि कोळी एकाच भाषेत बोलू लागतात, आणि नाटककाराने भाषाभेदातून उभा केलेला समाज नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : या नाटकांची भाषा कृत्रिम आहे, तिच्यावर पोसलेला विद्यार्थीही कृत्रिम बोलेल. त्याला उत्तर शूद्रकाने आधीच दिले आहे. देवलांनी मराठीत आणलेल्या ‘मृच्छकटिका’च्या मूळ संहितेतील शकार हा राजाचा मेहुणा. त्याच्याजवळ पुराणांतील नावांचा मोठा साठा आहे. परंतु तो द्रौपदीला रामाच्या भयाने पळवतो आणि कुंतीला रावणाच्या तावडीत देतो. त्याला शब्द येतात, व्यवहार येत नाही. ऐकणाऱ्यांवर छाप पाडण्यापलीकडे शब्दाचे त्याला दुसरे काम ठाऊक नाही. शकार भाषेने समृद्ध नाही, साठ्याने समृद्ध आहे. यादी पाठ करवून घेणारी पद्धत शकारच घडवते. नाटक त्याला ओळखावयास शिकवते.

७

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. नाटक वर्गात पात्रे वाटून मोठ्याने वाचले जावे. कारण काकु डोळ्यांना दिसत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘या शब्दाचा अर्थ लिहा’ याऐवजी ‘हा शब्द याच पात्राच्या तोंडी का, आणि ऐकणाऱ्यावर त्याचा काय परिणाम झाला’ असे विचारले जावे. संपादकांनी टीपांत पर्यायी शब्द देऊन न थांबता त्या शब्दामागील व्यवहार द्यावा : सनद कोण देई, कोण काढून घेई, सगोत्र विवाह कोणाला निषिद्ध, आणि त्याचा निर्णय कोण करी.

अवघड शब्द सोपे करून दिलेल्या आवृत्त्या विद्यार्थ्यावर उपकार करतात असे मानले जाते. वस्तुतः त्या त्याच्यापासून एक संपूर्ण समाज काढून घेतात, आणि त्या समाजाशी भांडण्याचे साधनही. शारदेचे लग्न ज्या शब्दाने मोडले, तो शब्द ज्याला कळला नाही, त्याला तिची असहायताही पुरती कळलेली नसते.