अग्गञ्ञसुत्तात डार्विन शोधावा काय?

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनाच्या निमित्ताने बोलताना, तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री व मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरविला आणि अभ्यासक्रमात बदल व्हावा असे सांगितले. माकडाचा मनुष्य होताना कोणी पाहिला नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद केला. पुढे 2022-23 मध्ये एनसीईआरटीने अभ्यासभार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग वगळला. 2023 मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले.

या वादात आपल्या बाजूने दिले जाणारे एक उत्तर तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या विहारांत, वर्षावासातील प्रवचनांतून, 'डार्विनने 1859 साली मांडले ते तथागतांनी अग्गञ्ञसुत्तात आधीच सांगितले होते' असे विधान कानी पडते. हेतू चांगला असला तरी पाली पाठ त्यास आधार देत नाही.

दीघनिकायातील या सुत्तात आभस्सर लोकातील स्वयंप्रभ सत्त्व पृथ्वीवर येतात, रसपठवीची चव घेतात, तृष्णेने त्यांची प्रभा लोपते. पुढे भूमिपप्पटक, पदालता, मग साली. साठवण सुरू होते, शेतांच्या सीमा पडतात, चोरी होते आणि लोक महासम्मताची निवड करतात. येथे एका जीवजातीतून दुसरी निर्माण होत नाही, नैसर्गिक निवड नाही. उलट क्रम अवनतीचा आहे. याला डार्विनवाद म्हणणे म्हणजे वेदांत विमान शोधणाऱ्यांच्या पंक्तीस बसणे होय.

मग सुत्ताचे सामर्थ्य कशात? ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, या दाव्यास तथागत प्रत्यक्ष अनुभवाने उत्तर देतात: ब्राह्मणस्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसवतात, स्तनपान देतात. वर्ण हे निर्मात्याचे विधान नसून मानवी व्यवहारातून उद्भवलेले भेद आहेत, हा त्याचा निष्कर्ष. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) मध्ये ईश्वरावरील श्रद्धा धम्माचा आवश्यक भाग मानली नाही. डार्विनशी आपले नाते आहे ते येथे, कारणे शोधण्याच्या पद्धतीत. निष्कर्षांच्या मालकीत नव्हे.

'कोणी पाहिले?' हा प्रश्नही आपणांस नवा नाही. तेविज्जसुत्तात वासेट्ठालाच तथागत विचारतात, की त्रैविद्य ब्राह्मणांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी वा मंत्रकर्त्या ऋषींपैकी कोणी ब्रह्म्यास प्रत्यक्ष पाहिले आहे काय? ही कसोटी, ज्याचा कोणताही माग नाही अशा निर्मात्यास लागते. उत्क्रांतीचे माग मात्र जीवाश्मांत, अवशेषांगांत, आनुवंशिक द्रव्यात आहेत. ते कोणीही तपासावेत. अमेरिकेत 'बुद्धिमान रचना' विज्ञान म्हणून शिकविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा 2005 साली डोव्हर खटल्यात न्यायालयाने ती विज्ञान नव्हे असा निर्णय दिला, तोही पुरावे तपासूनच.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. केंद्रीय पाठ्यक्रमात हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात राहिला, असे उत्तर दिले जाते. परंतु आपल्या वस्त्यांतील किती मुले तेथवर पोचतात? दहावीनंतर वाणिज्य, कला वा आयटीआयकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे अखेरचे पुस्तक ठरते. सर्व मानवांचे मूळ एक आहे, हे शास्त्राच्या भाषेत जाणून घेण्याचा हक्क जन्माने हीन ठरविल्या गेलेल्यांच्या संततीस सर्वांत आधी आहे.

म्हणून प्रवचनकारांस आमची विनंती आहे, की विहारात मुलांपुढे सुत्त सुत्त म्हणून वाचावे व डार्विन डार्विन म्हणून शिकवावा. दोन्हींना आपापल्या पुराव्यावर उभे राहता येते. राज्याच्या पुस्तकातील ते प्रकरण टिकावे यासाठी जागरूक राहणे, हे मात्र आपणां सर्वांचे काम आहे.