थकण्याआधीचा विसावा

दोनशेपानी वहीतलं एक पान. डावीकडे पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे तास, वर सोमवार ते रविवार, आणि मधले चौकोन मुलांच्या रंगीत खडूंनी भरलेले. लाल म्हणजे दमवणारं काम, पिवळं म्हणजे झेपणारं, हिरवं म्हणजे खरी विश्रांती. हे पान कंधारला राहणाऱ्या माझ्या वहिनीचं. मुंबईतल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी ते तिच्याकडून भरून घेतलं. मी एरवी पुस्तकांवर लिहितो. पण इतक्या कमी शब्दांत एका बाईचा अख्खा आठवडा उघडा करणारं लेखन अलीकडे माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून हे रसग्रहण.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. तापाचं निमित्त झालं आणि त्यानंतरचा थकवा सहा महिने उलटले तरी हटेना. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं तपासून झालं. आपल्याकडे हे आधी तपासावंच लागतं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. वहिनीचं सगळं जागेवर निघालं, आणि तिथूनच खरा छळ सुरू झाला, कारण रिपोर्ट चांगले म्हणजे बाई कामचुकार, असा निकाल लावायला घरात कुणी डॉक्टर लागत नाही. पुढे आजाराला नाव मिळालं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. रात्रभर झोपूनही अंग जड, डोक्यात धुकं, जरा वेळ उभं राहिलं की गरगर. आणि या दुखण्याची खरी खूण अशी, की केलेल्या श्रमाची वसुली तेव्हाच होत नाही. ती बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी होते.

आता पान वाचू. गुरुवारचा रकाना सकाळपासून हिरवा आहे, पण त्या हिरव्यात सुख नाही. ती दिवसभर पडून होती. बुधवारी काही विशेष नाही. मॅडमचं बोट मंगळवारी दुपारी चारवर गेलं. तिथे पिवळा चौकोन आणि त्यात एकच शब्द, ‘पाहुणे’. काय केलं तेव्हा, असं विचारल्यावर वहिनी म्हणाली, “काहीच नाही केलं मॅडम, नुसती पाहुण्यापाशी बसले होते की.” मग एकेक निघत गेलं. दोन वेळा चहा, पाठ ताठ ठेवून दोन तास बसणं, सगळ्यांचं ऐकून योग्य जागी हसणं, कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं ते आठवून सांगणं. मॅडमनी लाल खडू तिच्याच हातात दिला. पिवळ्यावर लाल फिरला आणि चौकोन नारिंगी झाला. या पानावर असे नारिंगी चौकोन बरेच आहेत, आणि माझ्या मते पानाचा सगळा अर्थ त्यांच्यात साठला आहे. बाईनं ज्याला काम म्हणून कधी मोजलंच नाही, ते सगळं तिथे आहे: फोनवर सासरच्यांची समजूत काढणं, मुलाचा अभ्यास घेणं, उन्हात गॅस सिलेंडरची वाट पाहत दारात उभं राहणं.

दुसऱ्या आठवड्याचं पान म्हणजे याच मजकुराचा सुधारलेला खर्डा. पहिल्या पानावर सकाळी सलग तीन लाल आहेत: अंघोळ, भाकरी, धुणं. दुसऱ्या पानावर अंघोळ आणि भाकरीच्या मध्ये हिरवं आलं आहे, आणि धुणं संध्याकाळी गेलं आहे. न्हाणीत प्लास्टिकचा स्टूल आला, ओट्यापाशी उंच स्टूल. भाकरी थापायची ती बसून. भरलेली घागर उचलायची नाही, तोटीचं पिंप घ्यायचं. या सगळ्यात मला दाद द्यावीशी वाटते ती त्या मधल्या हिरव्या चौकोनाला. तो थकल्यावर येत नाही, थकण्याच्या आधी येतो. अंगात त्राण असताना आडवं होणं मराठवाड्यातल्या सुनेला किती अवघड जातं, हे वेगळं सांगायला नको.

हा हिशेब मॅडमनी पहिल्यांदा आकडे मांडून सांगितला, तेव्हा तो वहिनीच्या गळी उतरला नव्हता. तिचं माहेर लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा तिनं तिथे काढलेला. ड्रममधला प्रत्येक तांब्या कशासाठी, हे तो उपसण्याआधी ठरायचं. ते आठवून तीच म्हणाली, “म्हंजे ड्रम खाली व्हायच्या आत थांबायचं.” मॅडमना यापेक्षा वेगळं काही सांगायचं नव्हतं.

यामागे वैद्यकाची बदललेली समजूतही आहे. रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत नेला की हे रुग्ण बरे होतात, असं बरीच वर्षं मानलं जाई. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमधून तशा ठरावीक चढत्या व्यायामाचा सल्ला काढून टाकला आणि आहे त्या शक्तीच्या मर्यादेत दिवस बसवण्यावर भर दिला. याने आजार पूर्ण बरा होत नाही. पुन्हापुन्हा कोसळणं कमी होतं. आपल्याकडे मात्र ‘जरा फिरत जा, बरं वाटेल’ हे अजून पारावर फुकट मिळतं.

ऑक्युपेशनल थेरपीची ही विद्या आपल्याला परकी नाही. आशियातली तिची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी. फलटणचे शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. माणसाला औषधाबरोबर त्याचं रोजचं काम परत मिळालं पाहिजे, या विचारावर हे शास्त्र उभं आहे. दुसऱ्या पानावरच्या रविवारी तो विचार लख्ख दिसतो. तिथे दुपारी अर्धा तास लाल ठेवला आहे आणि आत लिहिलं आहे, ‘वाकळ’. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणं ही वहिनीची एकमेव हौस. दमवणारं म्हणून मॅडम ते सहज काढू शकल्या असत्या. त्यांनी धुणं हलवलं, भाकऱ्या कमी केल्या, पाहुण्यांना वेळ ठरवून दिली, आणि वाकळ राहू दिली. संपादन याला म्हणतात.

दोषही सांगतो. आपला वेळ आपल्या हातात आहे, असं हा तक्ता गृहीत धरतो. कंधारच्या घरात दुपारी चारला दार वाजलं तर हिरवा चौकोन कुणाला दाखवणार? शिवाय तो मांडायला शिकवणारं माणूस मुंबईत. वहिनी दर आठवड्याला पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. सहाशे किलोमीटरवरून स्टुलाची उंची ठरत नाही, ती शेवटी दादानं विटा लावून जमवली. तेव्हा कुठे त्यानं ते पान नीट वाचलं, आणि बुधवारचं धुणं आपल्याकडे घेतलं.

तुमच्या घरात कुणी असं महिनोन्‌महिने थकलेलं असेल, तर आधी डॉक्टरांकडून रक्ताच्या तपासण्या करून घ्या. त्यात काही सापडलं नाही तरी तिच्यावर विश्वास ठेवा, एक वही आणि तीन खडू आणून द्या, आणि भरलेलं पान घरातल्या प्रत्येकानं वाचा.