झाशीची तीन पुस्तकं, ग्वाल्हेरात वाचलेली

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, द. ब. पारसनिसांचे लक्ष्मीबाईंचे चरित्र (१८९४) आणि वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी (१९४६) ही तिन्ही मी लागोपाठ वाचली.

खरी पकड गोडशांची. वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातली दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत आला नि झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याला राणीचा मोठेपणा सिद्ध करायचा नाही, जीव वाचवायचाय. म्हणून लुटीची पानं अंगावर येतात. मात्र हे सारं सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे. तारखा जपून घ्याव्यात. आणि प्रत कोणती तेही बघा. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापताना मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. माझं मत विचाराल तर पोतदारांचीच प्रत घ्यावी.

पारसनिस राणीची बाजू मांडतात; कागद भरपूर, पण सूर वकिली. वर्मांची कादंबरी रंगते. झलकारीबाई सर्वदूर पोचली त्यात तिचा वाटा मोठा, पण कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून व्याख्यानात सांगणं थांबवायला हवं.

आपल्या इथल्या मराठी घरांना जून १८५८ हे अवघड जागेचं दुखणं. जयाजीराव आग्र्याला गेले, फौज तात्या-राणीला मिळाली. त्या लढाईपुरते गोडसेही ऐकीवच लिहितात. फूलबागेतल्या समाधीपाशी त्यांचा दाखला देणाऱ्यांनी हे आधी सांगावं.