बाळक्रीडेतील काला : एका आशयसूत्राची फेरतपासणी

श्रीकृष्णाच्या बाललीलांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झाला. एक अंग उगमशोधाचे. रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात वासुदेव कृष्ण आणि गोपाल कृष्ण हे मुळात भिन्न मानून बालदेवाच्या उपासनेचे नाते आभीरांशी जोडले, आणि पुढील अनेक अभ्यासक या मांडणीच्या बाजूने किंवा विरोधात बोलत राहिले. दुसरे अंग रूपकाचे : पूतना म्हणजे अविद्या, कालिया म्हणजे अहंकार, दह्याची हंडी म्हणजे देह. पहिल्या पद्धतीत कथा इतिहासाचा पुरावा ठरते, दुसरीत वेदान्ताचे उदाहरण. कथेचे कथापण मात्र दोन्हींकडे वाऱ्यावर पडते. एखाद्या परंपरेने मिळालेल्या कथेतील कोणता तपशील मोठा केला, कोणता गाळला आणि कोणता नव्याने घातला, हा साहित्यसमीक्षेचा प्रश्न आहे, आणि मराठीपुरता तो पुरेसा विचारला गेलेला नाही.

बाललीलांची संहिता कधीच स्थिर नव्हती. प. ल. वैद्यांनी संपादिलेली आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेली हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती (१९६९-७१) भागवताशेजारी ठेवून वाचली की हे ध्यानात येते. हरिवंशातील कृष्ण मुख्यतः पराक्रमी बालक आहे. व्रज हलवावा म्हणून तो आपल्या अंगावरील केसांतून लांडगे निर्माण करतो, हा काहीसा उग्र प्रसंग तेथेच भेटतो; भागवतात स्थलांतराचे कारण उपनंदाचा सल्ला हे आहे. उलट माती खाल्ल्याचा आणि मुखात विश्व दिसल्याचा प्रसंग भागवताचा आहे. लोणीचोरीला खरा विस्तार मिळतो तोही भागवतात. पराक्रमाकडून घराकडे, राक्षसाकडून आईकडे असा हा प्रवास आहे. मराठी परंपरा येथून पुढे आणखी एक पाऊल टाकते आणि ते घराबाहेर, रानात, सवंगड्यांकडे पडते.

भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या अध्यायात यमुनेच्या वाळवंटावरील वनभोजन आहे. कृष्णाभोवती गोपबालक कोंडाळे करून बसतात आणि आपापल्या शिदोरीची चव एकमेकांना दाखवतात. संस्कृत संहितेचा कटाक्ष या रुचींच्या वेगळेपणावर आहे : प्रत्येकाचे अन्न निराळे, त्याची गोडी निराळी. शिवाय हे भोजन ही पूर्वपीठिकाच आहे. मुख्य घटना पुढे घडते : ब्रह्मदेव वासरे आणि बालके पळवतो, कृष्ण स्वतःच ती सर्व रूपे धारण करतो, ब्रह्मदेवाचा गर्व उतरतो. महानुभावांच्या सातीग्रंथांतील दामोदर पंडितांच्या काव्याचे 'वछाहरण' हे नावच प्रसंगाचा गुरुत्वमध्य कोठे मानला आहे ते सांगते.

नामदेव-तुकारामांच्या गाथांतील बाळक्रीडेच्या अभंगांत हा गुरुत्वमध्य ढळतो. भोजन स्वतंत्र होते आणि त्याला 'काला' हे नाव मिळते. कालवणे या क्रियेशी या शब्दाचे नाते उघड आहे. शिदोऱ्या आता शेजारी मांडलेल्या नसतात, त्या एकत्र कालवलेल्या असतात. कोणाची भाकरी कोणती हे ओळखू येऊ नये, हीच काल्याची अट. भागवतातील पृथक् रुची येथे विरघळते. हा बदल साधा दिसतो, पण मराठीने केलेल्या रूपांतरांत तो सर्वांत मूलगामी आहे असे मला वाटते.

त्याला जोडून दोन भर पडतात. पहिली पेंद्याची. श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण ही भागवतातील सवंगड्यांची नावे. लंगडा, बोलण्याचालण्यात अधू असा पेंद्या त्यांत नाही. तो मराठीचा आहे, आणि तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवताना तोच कृष्णाच्या शेजारी उभा असतो. दुसरी भर माशांची. भागवतात यज्ञभोक्ता गवळ्यांच्या पोरांसोबत जेवताना स्वर्ग नुसता पाहत राहतो. काल्याच्या परंपरेत देवांना एवढ्याने भागत नाही. मुले हात धुतील तेव्हा उष्टे मिळेल, या आशेने ते यमुनेत मासे होऊन येतात. कृष्णाच्या हे ध्यानात येते आणि हात पाण्यात न धुता घोंगडीला पुसा, असे तो सांगतो. धर्मशास्त्राने अशुद्ध ठरवलेले उच्छिष्ट येथे देवांनाही दुर्लभ होते. हा विनोद आहे. त्याची धार मात्र विनोदापुरती नाही.

याच ठिकाणी विद्यार्थ्यांचे प्रबंध घाई करतात. 'काला हे समतेचे प्रतीक' असे एक वाक्य लिहिले की प्रकरण संपते. हे विधान चूक नाही, अपुरे आहे. चोखामेळ्याला ज्या मंदिराबाहेर थांबावे लागले ते पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधल्या सहा शतकांत काल्याचे अभंग गायले जात होतेच. मग प्रतीकाने काय केले? 'काहीच नाही' हे उत्तर जितके सोपे तितकेच 'पाया घातला' हेही सोपे. अभंगातील उष्टे गवळ्यांच्या पोरांचे आहे. कृष्णाचे त्यात मिसळलेले असल्याने ते पवित्र होते. पावित्र्याचा निकष मोडलेला नाही, त्याचा उगम बदलला आहे. पंक्तिभेद मानणाऱ्या श्रोत्यालाही हा अभंग अडचणीशिवाय ऐकता येत असे तो या फटीमुळे. ही फट कवींना दिसत नव्हती असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट केवळ छापील गाथा वाचून हाती लागत नाही. सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. त्यात बाललीला सांगायच्या, मग हंडी फोडायची आणि दही-लाह्या वाटायच्या, असा क्रम असतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात होणारा गोपाळकाला हे याचेच मोठे रूप. म्हणजे या अभंगांचा शेवट शब्दांत नसतो, श्रोत्याच्या तळहातावर असतो. अभंगात वाटणारा कृष्ण आहे आणि तो पेंद्याला आधी देतो की मागून, याला अर्थ आहे. मंडपात वाटणारा कोण, हात पुढे करणारे कोणत्या क्रमाने उभे आणि कोण मंडपाच्या बाहेर, यालाही तितकाच अर्थ आहे. हा भाग आपण मानववंशशास्त्राकडे सोपवून मोकळे झालो. छापील गाथांतील 'बाळक्रीडा' हे शीर्षक अभंगांना विषयवारीने एकत्र आणते आणि प्रयोगाचा क्रम पुसून टाकते. एखाद्या फडाच्या काल्यात कोणते अभंग कोणत्या क्रमाने येतात, कोणते चरण गाळले जातात आणि दही वाटताना कोणता अभंग चालू असतो, याची नोंद हीदेखील संहितेची चिकित्साच होय.