सहानुभूती कोणाच्या वाट्याला?

आपल्या चित्रपटांतील तृतीयपंथीयांचे चित्रण अलीकडे सहानुभूतीचे झाले आहे, असे सर्रास म्हटले जाते. १९९१ मधील हिंदी ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी उभी केलेली क्रूर ‘महाराणी’ आठवली, म्हणजे हे विधान खरेही वाटते. परंतु तेवढे नोंदवून समीक्षकाला थांबता येत नाही. ही सहानुभूती नेमकी कोणाच्या वाट्याला आली, हे त्याने पाहिले पाहिजे.

राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) घेऊ. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. यल्लमाला सोडलेल्या तायप्पाला लुगडे नेसवून जोगता केले जाते. त्याची घुसमट उपेंद्र लिमये यांनी शब्दांपेक्षा देहाच्या अवघडलेपणातून व्यक्त केली असून त्यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सर्वस्वी यथार्थ होता. पण तायप्पाचे दुःख कोणते? तो पुरुष आहे आणि समाज त्याला पुरुष म्हणून जगू देत नाही, हे. सुलीवरील प्रेमाने त्याला बळ येते आणि लुगडे टाकून देणे हीच त्याची मुक्ती ठरते. रूढीविरुद्धचे बंड म्हणून हा शेवट प्रभावी आहे, यात संशय नाही. मात्र ज्या जोगत्याला ते लुगडेच आपले वाटते, त्याला या मुक्तीत जागा नाही.

आनंद यादवांच्या कादंबरीवरील रवी जाधव यांच्या ‘नटरंग’चे (२०१०) आवाहनही याच जातीचे आहे. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला गुणा हा पिळदार शरीराचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो, हेटाळणी आणि अत्याचार सोसतो. आपण हळहळतो, कारण तो ‘तसा’ नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तो ‘तसा’ असता, तर आपण हळहळलो असतो काय? हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने ‘बालगंधर्व’ पडद्यावर आणला. गंधर्वांच्या स्त्रीरूपाला डोक्यावर घेणारा रसिक आणि नाच्याला हिणवणारा गावकरी यांच्यात आपण मानतो तितके अंतर नाही. रंगमंचावरचे बाईपण दोघांनाही चालते. ते रंगमंचाखाली उतरले, की दोघेही अस्वस्थ होतात.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. या निकालानंतर आलेली रवी जाधव यांचीच ‘ताली’ (२०२३) ही हिंदी मालिका गौरी सावंत यांच्या जीवनावर आधारलेली आहे. येथे बाईपण लादलेले नाही. लादलेले आहे ते पुरुषपण. करुणेची दिशाच उलटली आहे, आणि मला खरा बदल वाटतो तो हा.

तरीही गौरीची भूमिका सुष्मिता सेन यांच्याकडे गेली. नटाने परकायाप्रवेश करावयाचाच असतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तो सर्वांना सारखाच लागू व्हावयास हवा. तृतीयपंथी नटाला आई, शिक्षिका किंवा न्यायाधीश यांच्या भूमिका आपण सहसा देत नाही. मग त्याच्या स्वतःच्या जीवनाची भूमिका दुसऱ्याकडे सोपविताना अभिनयकलेचा दाखला देणे कितपत न्याय्य? लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला २०१२ मध्येच त्या जीवनातला ‘मी’ ऐकविला. तो ‘मी’ पडद्यावर स्वतःच्या देहाने उभा राहील, तेव्हाच आपल्या सहानुभूतीची खरी परीक्षा होईल.