उतरण्याची विद्या

दहिसरला एका स्नेह्यांच्या घरी परवा वोल्फगांग लांगेवीशे यांचा ‘स्टिक अँड रडर’ हा १९४४ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ आमच्या हाती आला. स्नेह्यांची कन्या वैमानिकाचे शिक्षण घेत असून लवकरच तिला शिक्षकावाचून, एकटीने विमान उतरवावयाचे आहे. ‘‘पुस्तक वाचून का कुणाला विमान उतरवता येते?’’ हा तिच्या मातोश्रींचा प्रश्न. त्याचे उत्तर देता यावे म्हणून आम्ही तो ग्रंथ वाचून काढला.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा: विमान तरते की पडते, हे पंख व समोरून येणारी हवा यांमधील कोनावर ठरते. हा कोन सुमारे १५-१६ अंशांपलीकडे गेला की पंखाच्या पाठीवरून हवेचा प्रवाह सुटतो आणि आधार तुटतो. यासच ‘स्टॉल’ म्हणतात. धावपट्टी अजून दूर आहे आणि विमान तर खाली चालले आहे, असे दिसताच नवशिक्याचा हात दांडी मागे ओढतो. नाक वर होते खरे. पण वेग घटतो आणि विमान अधिकच खाली बसते. म्हणून ग्रंथकार बजावतात की, दांडीने वेग सांभाळावा आणि उंचीची उणीव इंजिनाच्या जोराने भरून काढावी. लहान विमान स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.३ पट वेगाने उतरणीस आणण्याचा प्रघात याच सावधगिरीतून आला आहे. वेग याहून फाजील झाला, तर विमान जमिनीलगत तरंगत राहते आणि धावपट्टी संपत येते. हे विवेचन गणितावाचून, इतक्या सोप्या भाषेत केले आहे की आमच्यासारख्या अनभिज्ञांसही ते उमगले.

तथापि ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. दांडी आणि इंजिन यांची कामे ग्रंथकारांनी फारच काटेकोर वाटून टाकली आहेत. वस्तुतः एकास हात लावला की दुसऱ्यास लावावाच लागतो. मोठ्या जेट विमानांत तर उतरणीची रेषा नाकाने आणि वेग इंजिनाने राखण्याचीच रीत आहे. शिवाय त्यांच्यापुढे शेपटीखाली चाक असलेली विमाने होती. आजच्या शिकाऊ विमानांस बहुधा नाकाखाली चाक असते; ती आधी मागल्या दोन चाकांवर टेकवावी लागतात. ती प्रकरणे शिक्षकास विचारूनच वाचावीत.

आमची खंत निराळीच आहे. दहिसरहून फार दूर नसलेल्या जुहूस १९२८ साली विमानतळ झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना देशातील पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन जुहूसच उतरले. परंतु आपल्या घरांतून मोठ्या हौसेने सांगितली जाते ती तळपद्यांच्या १८९५ च्या उड्डाणाची, विश्वसनीय पुरावा नसलेली कथा! उड्डाणाचा अभिमान आपण पुष्कळ मिरविला. उतरण्याच्या विद्येवर असे सुबोध लिहिण्याची आस्था मात्र दाखविली नाही.

मातोश्रींस आम्ही एवढेच सांगितले की, विमान उतरविणे शिक्षकाशेजारी बसून, पुनःपुन्हा उतरूनच साधेल. परंतु भीतीने हात मागे ओढू लागेल तेव्हा त्यास का आवरावयाचे, हे तुमच्या कन्येस ठाऊक असेल, आणि ते या ग्रंथामुळे. मराठीत असा ग्रंथ कोणी जाणत्या वैमानिकाने अवश्य लिहावा.