एका नावामुळे गेलेला माणूस

रहस्यकथेत खुनी कोण, हे शेवटच्या पानावर कळते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' (1981) या छोटेखानी कादंबरीत ते सुरुवातीलाच कळते. मग रहस्य उरते कोणते? ज्या गुन्ह्यासाठी सान्तियागो नासार मारला गेला, तो गुन्हा त्याने केला होता का, हे रहस्य.

कोलंबियातले नदीकाठचे एक गाव. लग्नाच्या रात्रीच नवरा आन्हेला विकारिओला माहेरी आणून सोडतो, कारण ती कुमारिका नाही. आई तिला बेदम मारते. भाऊ विचारतात, कोण? ती एक नाव घेते. सकाळी तिचे जुळे भाऊ डुकरे कापायच्या सुऱ्या घेऊन निघतात आणि भेटेल त्याला सांगतात, आम्ही सान्तियागोला मारणार. गावाचा प्रमुख असलेला कर्नल सुऱ्या काढून घेतो आणि निश्चिंत होतो. भाऊ दुसऱ्या आणतात. पाद्री निरोप द्यायचे विसरतो. मुलगा घरात आला असे समजून आईच दाराला कडी घालते, आणि त्याच दारात तो मारला जातो.

27 वर्षांनी त्याचा मित्र या जुन्या प्रकरणाचा माग काढतो. कोर्टाच्या इमारतीत पुराचे पाणी शिरलेले. त्या भिजलेल्या दप्तरातून खटल्याची 322 पाने हाती लागतात. त्यांत सान्तियागोविरुद्ध पुरावा म्हणावा असे काहीच नाही. तपास करणारा न्यायाधीशही याच गोष्टीने अस्वस्थ झाला होता. तरी कोर्टाने अब्रूच्या रक्षणाचा बचाव मान्य केला आणि भाऊ सुटले.

आपल्या वाचकाने थांबावे असे एक स्थळ येथे आहे. ही कथा 1951 साली कोलंबियात घडलेल्या एका खुनावर बेतलेली आहे. त्यातला तरुण इटालियन वंशाचा होता. मार्केसनी त्याला अरब बापाचा मुलगा केले. हा बदल साधा नाही. या गावातले अरब दुकानदारी करतात, आपसांत लग्ने करतात, अंगणात मेंढ्या पाळतात. खून होताच काही अरब संतापून जुळ्यांच्या मागे धावतात, हे खरे. पण पुढे सूडाची भीती पसरते आणि कर्नल अरबांची घरे एकेक करून धुंडाळतो. त्याला सापडतो तो फक्त शोक. उलट तुरुंगात पोट बिघडलेल्या खुन्यासाठी एक शंभरीची अरब म्हातारी काढा धाडते. मय्यत ज्यांच्या घरात, संशयही त्यांच्यावरच! हा अनुभव आपल्या मोहल्ल्यांना समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून सान्तियागोला घाईने 'आपला' करू नये. तो ख्रिस्ती आहे. त्या सकाळी तो बिशपच्या स्वागताला निघालेला असतो. आणि अब्रूपायी खून म्हटले की बोट आपल्याकडे दाखवणाऱ्यांनी हेही पाहावे, की येथे मारणारे, पाहणारे आणि सोडून देणारे सगळे कॅथलिक आहेत. पण त्यात आपण समाधान मानण्यासारखे काही नाही. बिरादरीत मुलीच्या नावाने कुजबुज सुरू झाली की आपणही त्या चौकातल्या माणसांसारखेच उभे असतो. अडवायचे काम दुसरा कोणी करील, असे प्रत्येकाला वाटते.

कादंबरीतली एक गोष्ट मात्र मला खटकते. आन्हेला पुढे त्याच नवऱ्याच्या प्रेमात पडून वर्षानुवर्षे पत्रे लिहिते. जवळजवळ दोन हजार पत्रे घेऊन तो परततो, एकही न उघडलेले. प्रसंग सुंदर आहे, पण तिच्या पाठीवरचे वळ त्यात झाकले जातात. ज्याने तिला टाकले त्याच्यासाठी तिच्याकडे इतके शब्द आहेत. मेलेल्यासाठी एकच, ते नाव. ते तिने कोणाला वाचवायला घेतले, की मार थांबवायला, हे लेखक सांगत नाही.

कदाचित सांगूही नये. खरे-खोटे ठरले असते तर आपण एका व्यक्तीला दोष देऊन पुस्तक मिटले असते. तसे होत नाही, म्हणून दोष गावभर पसरतो आणि वाचणाऱ्याच्या दारापर्यंत येतो. ते दार आतून कोणी लावले होते, हे तेवढे आपण विसरू नये.